डाव्या दोराचं टेन्शन

"ए पोपट, सरक ना! पहिलं आम्ही जाणार!"

मागून गावातली पोरं ओरडत होती. झुलत्या पुलाच्या तोंडाशी नुसती झुंबड उडाली होती. दुरुस्तीनंतर पूल आज उघडणार होता. टिकली, पोपट आणि ढब्बूदादा ही तिघं भावंडं सुट्टीत मावशीकडे आली होती. मावशी पुलाचे तारदोर तपासायची. नुसत्या बोटांनी चाचपून तारेचं दुखणं सांगायची! मुलांना तिचा कोण अभिमान!

सुपरवायझरकाकांनी मावशीची चिठ्ठी मोठ्यांदा वाचली. "'उजवीकडे ठीक. डावीकडे टेन्शन नाही. पाना आणायला वर्कशॉपमध्ये जाते.' ऐकलंत? टेन्शन नाही! चला, सोडा लोकांना!"

"थांबा काका!" टिकली हात पसरून वाटेतच उभी राहिली. "मावशी काळजीला टेन्शन म्हणतच नाही!"

"मग काय म्हणते?"

"घोर! 'या पोरांचा मेला जिवाला घोर!' तिच्या लेखी टेन्शन फक्त दोरांना असतं. टेन्शन म्हणजे ताण! डावा दोर सैल आहे, काका!"

"आली मोठी दीडशहाणी!" काका हसले.

"पण सगळं ठीक असतं, तर ती पाना आणायला कशाला गेली असती?" ढब्बूदादाने हळूच विचारलं.

काकांचं हसू विरलं. गर्दी मात्र पुढे रेटतच होती. पोपटाने झटकन दगड उचलून उजव्या दोरावर ठोकला. टण्ण! शाळेची घंटाच जणू! मग डाव्यावर ठोकला. थप्प! ओल्या गोणपाटावर मारावं तसा आवाज.

काकांनी धावत जाऊन पुलाचं तोंड अडवलं.

"मागे व्हा! पूल बंद!" काका ओरडले.

अर्ध्या तासाने मावशी खांद्यावर भलाथोरला पाना घेऊन धापा टाकत आली. "कुणी चढलं नाही ना रे?"

"चिटपाखरूसुद्धा नाही!" पोपट म्हणाला. "एक कावळा बसला होता, त्यालाही हाकललं!"

मावशी कामाला भिडली. पाना फिरे तशी तार चढे, तार चढे तसा पूल सावरे. शेवटी डावा दोरही टण्णकन बोलला!

काकांनी टोपी काढली. "चिठ्ठी मी वाचली, पण अर्थ लावला तो या पोरांनी. आज माणसं वाचली ती यांच्यामुळे!"

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मावशीने तिघांना कुशीत ओढलं. तिच्या काळ्या, तेलकट बोटांचे ठसे तिघांच्याही सदऱ्यांवर उमटले.

ते ठसे कुणीही धुऊ दिले नाहीत.