फिक्या पिंपातला माणूस

सेवेरीनो मेल्यावर देल्फोला काय मिळणार होतं? परवा खाल्लेल्या थोबाडीतीचं उट्टं, बस्स. सेवेरीनोच्या धाकट्या भावाला, ग्वाल्तिएरोला, मात्र इटलीच्या पिएमॉन्तेतल्या त्या टेकडीवरचा द्राक्षमळ्यांचा अख्खा दक्षिण उतार मिळत होता. गावाने एवढा विचार केला नाही. सेवेरीनोच्या तळघरातला कामगार म्हणून देल्फोलाच धरलं आणि दोन दात पाडले.

सेवेरीनो सकाळी स्वतःच्याच पिंपात सापडला होता, आंबत्या द्राक्षरसात पालथा. कवटी मागून फुटलेली.

ठाणेदार लिदिया गारोनेने प्रेत बाहेर काढवलं. पांढरा शर्ट पिकल्या जांभळासारखा काळपट झाला होता. तिने आपला रुमाल पिंपात बुडवून पिळला. कोकम सरबताचा फिका रंग.

"यात कुठलं द्राक्ष?"

"नेब्बियोलो," देल्फो रक्त थुंकत म्हणाला. "वाइनला बारोलो नाव लावायचं तर दुसरं द्राक्ष चालत नाही, बाई. कायदाच आहे."

"आणि बार्बेरा द्राक्षाचा रस मिसळला तर?"

"रंग गडद होतो, नाव जातं. या टेकडीवर बार्बेरा कुणी ठेवलेलाच नाही."

शेजारच्या आपल्या तळघराचं दार अडवून ग्वाल्तिएरो उभा होता.

"त्या भामट्याला अजून मोकळा ठेवलात, ठाणेदारबाई?"

"तुमच्याकडे बार्बेरा आहे?"

"थेंबसुद्धा नाही. बारोलो करतो मी, सरबत नाही."

"पिंपाचं झाकण काढा."

"हवा लागली तर रस बिघडेल."

"दिवसातून दोनदा तुम्हीच उघडून ढवळता की."

दुसरा रुमाल बुडवला. शर्टाइतकाच काळा निघाला.

लिदियाने भिंतीला टेकवलेला ढवळायचा दांडा उचलला. टोकाच्या चिरेत सेवेरीनोचे पांढरे केस अडकले होते.

"सेवेरीनोने इथे डोकावून हा रंग पाहिला," ती म्हणाली. "तो बोलला असता तर तुमच्या बाटल्यांवरचं बारोलो पुसलं जाऊन बिननावाची साधी वाइन उरली असती. तुम्ही डोक्यात दांडा घातलात, सेवेरीनो याच पिंपात पडला. देल्फोचं भांडण गावाला माहीत होतं, म्हणून प्रेत ओढत नेऊन देल्फो राबतो त्या पिंपात टाकलंत. पण तिथल्या फिक्या रसात शर्ट असा रंगत नाही."

ग्वाल्तिएरोने पिंपाकडे पाहिलं.

"बार्बेरा निम्म्याहून कमी आहे," तो म्हणाला. "मादोन्नाची शपथ."

खुनाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

प्रेत पडलेली दोन्ही पिंपं गटारात रिकामी झाली. सेवेरीनोचा जीव गेला, ग्वाल्तिएरोचं उरलेलं आयुष्य तुरुंगात. देल्फो निर्दोष सुटला. पण त्या वर्षी टेकडीवर गाळायला वाइनच उरली नाही, आणि हिवाळाभर त्याला कुणी कामावर बोलावलं नाही.