शेवटचं कुठे दिसले

बेपत्ता माणसांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या कचेरीत एकसष्ट हजार माणसं होती आणि प्रत्येकाची एवढीशी एक एक्सएमएल फाइल. नाव, वय, अंगावर काय होतं, हातात काय होतं, शेवटचं कुठे दिसले. सगळ्या फायली जुन्या साच्यातून नव्या साच्यात घालायच्या होत्या. साहेबांनी सकाळी सांगून टाकलं, "पाच वाजता जुनी यंत्रणा बंद. अख्खा गठ्ठा गेला नाही, तर सगळी प्रकरणं मिटली असं धरायचं."

"मिटली? माणसं आहेत ती!" प्रोग्रामर बाई उसळली.

साहेबांनी खांदे उडवले. त्यांचं काय जात होतं? तिचा मात्र सख्खा दादा त्या गठ्ठ्यात होता. ती नऊ वर्षांची असताना, तिचे उसवलेले शाळेचे बूट शिवून आणतो म्हणून गेला, तो गेलाच. त्याला अठरा वर्षं झाली. आई अजून दर महिन्याला विचारायची, "आहे ना गं त्याचं नाव?"

जुना प्रोग्राम शेजारच्या टेबलावरच्या काकांचा. काका निवृत्तीला आलेले, बोलायला गोड, कामाला गोगलगाय. त्यांचा प्रोग्राम साचा बदलणारं इंजिन सुरू करायचा, एक फाइल बदलायचा, इंजिन बंद करायचा. पुढच्या फाइलीला पुन्हा पहिल्यापासून. फाइलीमागे तीन सेकंद. म्हणजे दोन दिवस, दोन रात्री.

"काका, हे म्हणजे दर पाहुण्यामागे दाराला कुलूप लावल्यासारखी गत झाली. मी इंजिन एकदाच सुरू करते, साचा एकदाच वाचते आणि फायली सोडते धडाधड."

काका हसले नाहीत. "मधे बंद करावं लागतं, पोरी."

"का?"

"लागतं."

"कारण सांगा, नाहीतर बाजूला व्हा."

तीनला तिने सुरू केलं. सेकंदाला नऊ फायली! तिला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. सहज एक फाइल उघडून पाहिली. मूळ नोंदीत बाजारातला चौक होता. नव्या फाइलीत लिहिलं होतं, 'शेवटचं कुठे दिसले: तिसरा मजला, जिन्याजवळ.'

कचेरी तिसऱ्या मजल्यावरच होती.

तिने कपाळावर हात मारला. इंजिन बंद होत नाही म्हटल्यावर एका फाइलीतलं दुसरीत सांडलं असणार, नवशिक्याची चूक. तिने सगळ्या मूळ फायलींत ते शब्द शोधले. एकीतही नव्हते. दुसरी फाइल उघडली: 'पाण्याच्या फिल्टरपाशी.' तारीख आजची.

ती बाहेर जाऊन आली. बाहेर कोणीही नव्हतं. फिल्टरचा नळ चालू होता. हवा मात्र खूप माणसं दाटीने उभी असावीत तशी कोंदट होती.

काकांचा चेहरा उतरला होता. "बंद कर. मी एकदा ठेवलं होतं चालू. दहाच फायली."

"मग?"

"तेव्हापासून त्या जिन्याने मी जात नाही."

ती हटली नाही. "माझा दादा अजून यायचाय."

"अगं, पण तो कसा असेल..."

"कसाही असू दे! अठरा वर्षं वाट बघितली आणि आता माझ्याच हाताने दार लावू? तुम्ही जा घरी."

काका लिफ्टने गेले.

गठ्ठ्याच्या तळाशी दादाचा नंबर आला. तिने फाइल उघडली.

'शेवटचं कुठे दिसले: नोंदींची खोली, बहिणीच्या खुर्चीमागे. वेळ: चार बावन्न.'

घड्याळात चार एक्कावन्न झाले होते.

तिने मागे पाहिलं नाही. शेजारची खुर्ची पायाने सरकवली आणि मोठ्याने म्हणाली, "ये. बस."

खुर्ची करकरली.

पाचला साहेबांचा फोन आला. "झालं ना सगळं? मग बंद कर."

"झालं. पण बंद करणार नाही," ती म्हणाली. "लोक येतायत अजून." तिने फोन ठेवला.

टेबलाखाली तिच्या पावलांना काहीतरी लागलं. तिने अंगठ्याने चाचपलं. चामड्याचे बूट होते, तिची टाच मावणार नाही इतके लहान. एका बुटाच्या कडेला नवे टाके होते.