उसना चालठसा

कुंदाने विळीवर दुधी चिरता चिरता वर पाहिले, तेव्हा तिचा नवरा खुर्चीत बसल्या बसल्या तिसरा किलोमीटर चालत होता.

घाटात घरंगळत आलेल्या दगडाखाली उजवी टाच चुरल्यापासून दहा आठवडे शिवदास भोईरने तो पाय जमिनीला लावलेला नव्हता. आताही दोन्ही पावले उशीवर निवांत होती. मात्र कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत बांधलेल्या राखाडी पट्ट्याखाली स्नायू क्रमाने आवळत होते, सैलावत होते, आणि कपाळावरून घाम ओघळत होता.

शिवदास करंजघाटाच्या रेल्वेमार्गावर कीमन होता. म्हणजे रोज सहा किलोमीटर रूळ पायी तपासून, रूळ पकडून ठेवणाऱ्या, सैल झालेल्या लोखंडी चाव्या हातोड्याने ठोकून बसवणारा माणूस. अशा माणसाला बसवून ठेवले, आणि भूक मात्र पूर्वीचीच राहिली, तर दुसरे काय होणार? सहा आठवड्यांत त्याचे वजन अडुसष्टावरून एक्याऐंशीवर गेले. नियम स्पष्ट होता : तपासणीच्या दिवशी बहात्तरच्या वर भरणाऱ्याला घाटात पाठवायचे नाही, कायमचे फाटकावरच्या खोलीत बसवायचे. बावीस वर्षे चाललेल्या शिवदासला त्या खोलीच्या नुसत्या आठवणीने गुदमरल्यासारखे होई.

तेव्हा डॉक्टर अश्लेषा गोखल्यांनी हा चालपट्टा सुचवला होता.

"टाचेवर भार नाही, पण श्रम सगळे खरे," त्या म्हणाल्या होत्या. "फक्त कोणता स्नायू केव्हा आवळायचा, हे पट्टा कुणाच्या तरी चालण्यातून शिकतो. त्याला आम्ही चालठसा म्हणतो. तुमचा घ्यायचा, तर तुम्हाला दिवसभर चालावं लागेल."

"ते जमत असतं तर इथे कशाला आलो असतो, बाई?"

मग शेजारच्या हद्दीचा कीमन लहू पिंगळे पुढे आला. उंची तीच, काम तेच. अंगाला संवेदक चिकटवून त्याने एक पूर्ण पाळी केली, आणि रुळांखालच्या एकेका स्लीपरवर टाकलेले त्याचे प्रत्येक पाऊल पट्ट्यात उतरले.

दुधी आणि एका भाकरीच्या जोडीने पट्ट्याने आपले काम चोख केले. चार आठवड्यांत वजन चौऱ्याहत्तरवर आले. कुंदाला चिंता वाटू लागली ती निराळ्याच गोष्टीची.

त्या दुपारी पट्टा सोडून शिवदास जेवायला बसला होता. खाली स्टेशनात मालगाडीची शिट्टी झाली, आणि त्याचा डावा पाय ताटाला धडकेल इतक्या जोराने बाजूला उडाला.

"अहो, पट्टा काढलाय ना?"

"काढलाय."

"मग पाय कुणी उडवला?"

"मुंग्या आल्या असतील," शिवदास म्हणाला. पण पुढच्या गाडीला तेच झाले, आणि त्याच्या पुढच्याही.

रविवारी लहू आला. कुबड्यांवरचा मित्र पाहून त्याला हसू आवरेना. "वहिनी, याला एकट्याला बाजारात सोडू नका. पाय माझे आहेत. भाजी घेऊन थेट माझ्या घरी जाईल."

कुंदा हसली नाही. "भावजी, मागून शिट्टी आली की तुम्ही काय करता?"

"काय करणार? डावीकडे उतरतो. विचार करायला वेळ कुठे असतो तेव्हा?"

बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. दोघेही कीमन घाटमाथ्याकडून खाली चालत येत आणि परत गाडीने जात. लहूच्या हद्दीत डाव्या हाताला डोंगर होता, उभे राहायला ऐसपैस जागा होती. बोगद्यानंतर पूल ओलांडला की मार्ग वळे आणि शिवदासची हद्द सुरू होई. तिथे डोंगर उजवीकडे होता. डावीकडे हातभर खडी, आणि मग दरी.

"शिवा, डॉक्टरांना सांग. आजच."

"सांगितलं तर त्या पट्टा बंद करतील. वजन तिथेच अडेल. तपासणी पुढच्या महिन्यात आहे."

"आणि पाय?"

"पाय माझा आहे. मी सांगेन तसं ऐकेल."

त्याने महिनाभर खरोखरच पायाला सांगून पाहिले. शिट्टीची वेळ आधी ठाऊक असली, की पाय ऐके. नसली, की डावीकडे जाई.

तपासणीच्या सकाळी दवाखान्यात काटा सत्तरावर थांबला. टाच जुळली होती. कुबड्यांशिवाय तो खोलीभर चालला, तेव्हा कुंदाला लहूच चालत असल्याचा भास झाला.

"उत्तम!" गोखलेबाईंनी प्रमाणपत्र पुढे ओढले. "लिहिण्याआधी एकच विचारते. पट्टा काढल्यावर काही वेगळं जाणवतं का?"

'नाही' हा शब्द शिवदासने घरून तयार करून आणला होता. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या स्टेशनात शिट्टी वाजली. टेबलाखाली त्याचा डावा गुडघा उसळला. त्याने तो दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. बाईंची नजर कागदावर होती. कुंदाची नव्हती.

"बोला ना, भोईर."

 कुंदा त्याच्या हातांकडे पाहत राहिली. शिवदासने उत्तरासाठी तोंड उघडले. दरी कोणत्या हाताला आहे, हे त्याला बावीस वर्षे ठाऊक होते. पण त्याच्या पायाला ते कोण सांगणार होते?