मुदत: तीस मिनिटं

ऑफिसातली दादाची खुर्ची मला मिळाली तेव्हा तिची उंची कमी करावी लागली. बाकी सगळं तसंच होतं, टेबलावरचा कपाचा गोल डागसुद्धा. दादा जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि मला अजून रडू आलं नव्हतं. वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही पार दगड झालात." खोटं नव्हतं ते.

त्यानं एका वाचनालयासाठी बनवलेलं ॲप्लिकेशन आता माझ्या गळ्यात पडलं. त्यात सेटिंग लिहिलेली एक एक्सएमएल फाइल असते. सर्व्हर सुरू होताना आधी ती वाचतो: कुठलं पान पहिलं उघडायचं, लॉगिन करून आत आलेला माणूस गप्प बसला तर त्याला किती वेळानं बाहेर काढायचं. आमच्याकडे नियम असा, की फाइलला हात लावणाऱ्यानं तारीख आणि कारण तिथंच लिहायचं. दादानं मुदतीच्या जागी उणे एक टाकलं होतं, म्हणजे मुदतच नाही. कारण लिहिलं होतं, "म्हातारी माणसं सावकाश टाइप करतात. कुणाला बाहेर काढू नका."

"सर्व्हर तुंबतोय," आमच्या टीमच्या मॅडम म्हणाल्या. "तीस मिनिटं करून टाक."

आधी मी आत कोण कोण आहे त्याची यादी उघडली. सगळ्यात वर दादा. शेवटची हालचाल, दोन मिनिटांपूर्वी.

कुणीतरी त्याचा पासवर्ड वापरत असणार. मी तो बदलला. तीस लिहिलं, कारण लिहिलं, आत आलेल्यांच्या जुन्या नोंदी पुसल्या, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. सगळे बाहेर पडले. यादीत एकच नाव उरलं.

मॅडमना दाखवलं.

"जुनं काहीतरी अडकलं असेल," म्हणाल्या आणि जागेवर गेल्या. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आता त्या नावाची हालचाल थांबली होती. उरलेली मिनिटं कमी होत होती. त्याला आत ठेवायचं तर परत उणे एक लिहायचं, बस.

दादा गेला त्या दिवशीही एवढंसंच काम होतं. अपघाताच्या जरा आधी त्याचा फोन आला. मी स्क्रीनवरून नजर न काढता फोन कापायचं बटण दाबलं आणि फोनमधला तयार निरोप गेला: "कामात आहे. नंतर करतो." हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही.

नऊ मिनिटं. चार.

हात कीबोर्डवरच होते. बोटं हलेनात.

एक.

यादी रिकामी झाली.

मी फाइल उघडली. तीसचे तीसच होते. माझ्या कारणाखाली मात्र एक नवी ओळ होती. आजची तारीख, आत्ताची वेळ.

"कामात आहे. नंतर करतो."

तेव्हापासून मी फोन टेबलावर उताणा ठेवतो.