डावखुऱ्या कोसॅकांचं गाव

पावसापासून आडोसा हवा म्हणून वीर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या एका म्युझियममध्ये शिरला, आणि चुकून बंद हॉलमध्ये आला. प्रदर्शन चार दिवसांनी उघडणार होतं. भिंतींवर मोठमोठे फोटो नुकतेच चढले होते. दीडशे वर्षांपूर्वी कुणा भटक्या फोटोग्राफरने रशियातल्या डॉन नदीकाठच्या गवताळ मैदानात हिंडून कोसॅकांची, म्हणजे तिथल्या घोडेस्वार लढवय्यांची घरं, लग्नं, घोडे काचेच्या प्लेट्सवर टिपले होते, ते हे.

आठ महिने त्या प्लेट्सवर काम केलेली धम्मशीला त्याला बाहेर काढायला आली. त्याने तिच्या गळ्यातल्या कार्डावरचं नाव वाचलं आणि मराठीत म्हणाला, "तुझी फोटो उलटी आहे."

"फोटो उलटा असतो. उलटी नाही."

"म्हणजे... तुला माहीत होतं?"

ती हसणार होती, पण त्याने एका घोडेस्वाराकडे बोट दाखवलं. तो वॉटफर्डचा, तिथेच जन्मलेला, घोड्यांचा डॉक्टर. तलवार डाव्या कमरेला असते म्हणून स्वार घोड्याच्या डावीकडून चढतो, असं त्याने समजावलं. इथे स्वार उजवीकडून चढत होता. शेजारच्या फोटोतही तलवारी उजवीकडेच.

"अख्खं गाव डावखुरं होतं का?" त्याने विचारलं.

धम्मशीलाने फोटो पुन्हा नीट पाहिला. एका पेटीतल्या प्लेट्सच्या दोन्ही बाजू वॉर्निशने सारख्याच चकचकीत होत्या. कुठली बाजू वर ठेवून स्कॅन करायची, ते तिने अंदाजानेच ठरवलं होतं; बाजू चुकली की फोटो आरशातल्यासारखा उलटा येतो.

"मी कोणाला सांगणार नाही," वीर म्हणाला आणि नंबर देऊन गेला.

त्याच्याशिवाय कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. तिचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं आणि पुढचं काम प्रदर्शन मांडणाऱ्या क्युरेटरच्या हातात होतं. तरी सकाळी ती सरळ क्युरेटरकडे गेली आणि चूक सांगितली. त्या बाईंनी फोटोंची यादी काढून बघितली. मग म्हणाल्या, सगळ्या प्लेट्स पुन्हा तपास, चुकलेले फोटो पुन्हा छापू.

तिने वीरला फोन केला. तो दोन दिवस सुट्टी काढून आला. तळघरात उजेडाच्या टेबलावर दोघं एकेक प्लेट बघत. तो तलवारी आणि रिकिबी कुठल्या बाजूला आहेत ते बघे, ती कोटांची बटणं. तो म्हणे "ही घोडा", ती म्हणे "हा", आणि तो मुद्दाम पुन्हा "ही" म्हणे. आपण वाट बघतोय त्या "ही"ची, हे तिला दुसऱ्या दुपारी कळलं.

शेवटच्या प्लेटवर लष्करात निघालेला एक तरुण घोड्यावर ताठ बसला होता. रिकीब धरून उभी राहिलेली त्याची बायको मात्र धूसर झाली होती.

"ती हलली," वीर म्हणाला.

"नवरा वर्षानुवर्षांसाठी चालला होता. कशी उभी राहील स्थिर?"

काचेशेजारी दोघांचे हात होते, बोटभर अंतरावर. हात कोणीच मागे घेतला नाही.

प्रदर्शन वेळेवर उघडलं, गर्दीही झाली. पण मार्चनंतरचं काम काही तिला मिळालं नाही. ती चूक नडली की काय, ते कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. नॉटिंगहॅमला दर शनिवारी येणाऱ्या वीरजवळ ती एकदाच रडली आणि अर्ज करायला बसली. स्कॉटलंडमध्ये, एडिंबरामध्ये इंटरव्ह्यू झाला. दोन आठवड्यांनी होकार आला, तेव्हा ती त्याच्यासमोर कॅफेत बसली होती. वॉटफर्डहून एडिंबरा म्हणजे चारशे मैलांच्या आसपास, हे तिने आधीच बघून ठेवलं होतं.

"मला जावं लागेल," ती म्हणाली.

"हो." त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. "तिथल्या एका जनावरांच्या दवाखान्याला मी ईमेल केलाय. त्यांना घोड्यांचा डॉक्टर पाहिजे."

"आत्ता तर मला कळलं! केलास कधी?"

"तुझ्या इंटरव्ह्यूच्या दिवशी."

"आणि मला नोकरी मिळाली नसती तर?"

"तर नॉटिंगहॅमला केला असता."

"मला न विचारता?"

"आता विचारतो." तो पहिल्यांदाच अडखळला. "मला तू आवडतेस. येऊ का... तुझ्याबरोबर?"

तिने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या ओल्या कोटाची बाही घट्ट धरली.

"ये," ती म्हणाली.