खालच्या काचेतले हात

दुपारची वेळ होती आणि मी एका बाळाच्या फोटोतले हात पुसत होते. ऐकायला विचित्र वाटेल, पण आमच्या स्टुडिओत ते माझं रोजचंच काम. मान न धरणाऱ्या बाळाला पांढऱ्या चादरीवर बसवायचं, आईनं खालून आधार द्यायचा, ह्यांनी फोटो काढायचा आणि मी कॉम्प्युटरवर आईचे हात पुसून टाकायचे. बाळ एकटंच बसल्यासारखं दिसतं. इतकी वर्षं करतेय की कुणाचे हात, किती हात, बघतही नाही.

त्या दिवशीही बघितलं नाही.

आमच्या ह्यांना तेव्हा भिंगांचं वेड लागलं होतं. मोबाईलला जमणार नाही असं काहीतरी करायचं, एवढाच ध्यास. लेन्सवर माझा जुना पायमोजा ताणून झाला, काचेला व्हॅसलीन फासून झालं, दाराचं पाहुणे बघायचं भिंग उपटून कॅमेऱ्याला चिकटवून झालं. दाराला आठवडाभर नुसतं भोक.

"आता कोण आलं ते कसं कळायचं?" मी विचारलं.

"भोकातून बघ की. जास्तच स्पष्ट दिसेल."

मग त्यांनी सासूबाईंचा चष्मा काढला. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. चष्म्याची एक काच सोडवली, प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा कापून आतून काळा रंगवला, त्यात काच बसवली आणि काळ्या चिकटपट्टीनं ते सगळं कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे लावलं. काच दुहेरी नंबरची. वर लांबचं बघायचं, खाली वाचायचा अर्धचंद्र. त्यामुळे फोटोत खुर्चीतला माणूस तर स्पष्ट यायचाच, पण खालच्या कडेला, कॅमेऱ्यापुढे वीतभर अंतरावर काही असलं तर तेही अगदी स्पष्ट उमटायचं. हे कधी फूल धरून बघत, कधी किल्ली.

त्या दिवशी कॅमेऱ्याला तीच काच होती. बाळानंतर एक निवृत्त कारकून फोटोला आले होते. त्यांचा फोटो उघडला. खालच्या कडेला, अगदी कॅमेऱ्याजवळ, दोन हात होते. मांडीवर ठेवावेत तसे, एकावर एक. मी सवयीनं पुसायला घेतले आणि थांबले. कारकुनांना खालून कोण धरणार?

"अहो, कॅमेऱ्यापुढे कोण बसलं होतं?"

"कोण बसणार? उगाच काहीतरी."

ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. हात म्हाताऱ्या बाईचे होते. सुरकुत्या, फुगलेल्या शिरा, नखांवरच्या उभ्या रेघासुद्धा मोजता याव्यात इतके स्पष्ट. हे पडद्याकडे वाकले. मग लहान मुलासारखं म्हणाले, "आई…"

त्यानंतर ह्यांनी पुढचं दार लावून घेतलं. गिऱ्हाईक कडी वाजवून परत जाई, आणि आत हे रिकाम्या खुर्चीचे फोटो काढत बसत. खुर्ची कधी ह्या भिंतीला, कधी त्या. प्रत्येक फोटोत ते हात होते. काही करत नव्हते. दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघताना माणूस ठेवतो ना, तसे ठेवलेले.

मुलाला आईचे हात ओळखू येतात असं आपण धरून चालतो. ह्यांना येत नव्हते. सासूबाईंचं उजव्या हाताचं मधलं बोट मोडून वाकडं जुळलेलं होतं. तीन वर्षं मी त्यांना अंघोळ घातली, नखं कापली. ते बोट मी अंधारातही ओळखलं असतं. फोटोतली दहाही बोटं सरळ होती.

पण मी बोलले नाही. बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

शेवटच्या महिन्यांत सासूबाई म्हणायच्या, "ती आलीय बघ. तिला स्टूल दे." खोलीत कोणी नसायचं. मी इतकी थकलेली असायचे की वाद न घालता स्टूल सरकवायचे. मग म्हणायच्या, "जा पोरी, तू पड जरा. ती आहे ना बसलेली." एक दिवस मी खरंच गेले. म्हटलं, दहा मिनिटं. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई गार पडल्या होत्या, आणि त्यांचे हात छातीवर कोणीतरी नीट ठेवले होते. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेल्या. ह्यांना त्याच एका गोष्टीचा आधार होता.

दोन आठवड्यांनी हे स्वतःच त्या खुर्चीत बसले. कॅमेरा आपोआप चालेल असा लावला होता. मी पडद्यावर बघत होते. पहिल्या फोटोत खालच्या कडेला एकच हात होता. दुसरा पुढे, ह्यांच्याकडे, लांबवलेला. त्याच्या पुढच्या फोटोत खाली काहीच नव्हतं. मी फोटोतच वर बघितलं. हात ह्यांच्या दोन्ही खांद्यांवर होते.

"अहो, उठा तिथून."

"थांब गं." त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता आणि ते हसत होते. "किती दिवसांनी बरं वाटतंय… तू जा. मी पडतो जरा इथंच."

मी धावत गेले आणि ते नळकांडं चिकटपट्टीसकट ओढून काढलं. काच फरशीवर पडली, पण फुटली नाही.

"ती तुमची आई नाही," मी म्हणाले. "आईंचं मधलं बोट वाकडं होतं."

"मग कोण आहे?"

"जिच्या भरवशावर मी झोपले, ती."

मग मी सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे आई एकटीच गेली?" एकट्या गेल्या असं मला म्हणता येत नव्हतं. हे उठले, कॅमेरा उचलून पुढच्या खोलीत गेले. दाराची कडी काढल्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी.

मी तिथंच बसले, डोळे मिटले. थोड्या वेळानं माझा हात कोणीतरी हातात घेतला. मऊ, सावकाश, एकेक बोट दाबत. मला रडू फुटलं. एवढ्या वर्षांत माझे हात कोणी दाबले नव्हते.

"मी खरंच दमले होते हो," मी म्हणाले.

हातावरचा दाब जरा वाढला.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. गिऱ्हाईकाला सांगत होते, "हनुवटी थोडी वर… हां. आता हलू नका."

मी हलले नाही. डोळेही उघडले नाहीत. माझ्या हातावरचा अंगठा हळूहळू मनगटाकडे सरकला, आतल्या बाजूला, नाडीपाशी. आणि तिथं येऊन, मोजत असल्यासारखा, थांबला.