येणे शून्य

नाशिकला गंगापूर रोडवर विशाखा खरोटेचं ‘तळवा’ नावाचं केंद्र होतं. तिथे काशाच्या वाटीने तळपाय चोळून मिळत. दिवाळीपर्यंत चालतील अशी निम्म्या दराची कूपनं तिने विकली आणि सगळे पैसे कमाईत धरून मोकळी झाली. करसल्लागार फरीदा तांबोळीने कपाळाला हात लावला.

“अगं, पाय चोळून देईपर्यंत ते पैसे तुझ्या डोक्यावरचं देणं. जी कूपनं वाया जाणार, तेवढीच आजची कमाई. आजचा कर तेवढ्यावरच.”

“कोणाची वाया जाणार, ते आजच कसं कळणार, फरीदाताई?”

“करखात्याचं भाकीत करणारं यंत्र आहे ना, आगमवेधक, तो सांगतो. माणसाच्या सवयी, तब्येत, आसपासचे लोक कसे वागतील, हे सगळं धरून तो गणित मांडतो. अजून चुकलेला नाही. कारण मात्र कूपनाची मुदत संपेपर्यंत झाकून ठेवतो.”

विशाखाने फरीदाच्या पडद्यावरच्या यादीत वाचलं, ‘हेमलता सिस्टर : येणे शून्य.’

“बरोबर आहे. सिस्टरनी पैसे आधीच दिलेत. त्यांच्याकडून काही येणं नाही.”

“हे हिशेबातलं येणं नव्हे, विशाखा. सिस्टर स्वतः येणार नाहीत.”

विशाखाचा चेहरा उतरला. केंद्रात कुत्रंही फिरकत नव्हतं तेव्हा या निवृत्त नर्सबाईंनीच आपल्या मैत्रिणींना हाताला धरून आणलं होतं. त्या येणार नाहीत म्हणजे जगणार नाहीत, असंच तिने धरलं. निदान पाय तरी चोळून येऊ, म्हणून वाटी पिशवीत टाकून ती तडक निघाली.

सिस्टरनी हसत दार उघडलं. पायांत मात्र जाड मोजे होते आणि ते काढायला त्या तयार होईनात. विशाखाने हट्टाने एक मोजा उतरवला. टाच चिघळली होती. मधुमेहामुळे दुखलीच नव्हती.

“जन्मभर लोकांच्या जखमा धुतल्या,” सिस्टर पुटपुटल्या. “स्वतःची दाखवायची लाज वाटली गं.”

“माझ्यापुढे कसली लाज?” म्हणत विशाखाने चालकविरहित रिक्षा बोलावली. आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले.

जखम भरल्यावर विशाखा घरी जाऊन सिस्टरचे पाय चोळू लागली. त्यांनी कूपन पुढे केलं की ती परत त्यांच्या मुठीत कोंबायची. अशीच दिवाळी उलटली.

“तुमचं यंत्र सपशेल आपटलं,” ती फरीदाला म्हणाली. “सिस्टर ठणठणीत आहेत.”

“पण केंद्रात आल्या? कूपन वापरलं?”

“मीच घेतलं नाही.”

“मग चुकलं कुठे? आता मुदत संपलीय, कारण बघू.”

फरीदाने पडदा तिच्याकडे वळवला. विशाखाने पहिल्यांदा ती यादी पाहिली होती, त्याच्याही आदल्या दिवशी केलेली नोंद होती.

‘कारण : विशाखा खरोटे त्यांच्या घरी जातात.’

विशाखाचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने करखात्याला मनापासून हात जोडले.